वंशतंतूची झीज आणि तिची कारणे

१९४३ साली, महायुद्ध ऐन भरात असताना, तटस्थ राहिलेल्या आयर्लंडच्या राजधानीत, डब्लिन येथे, भौतिकशास्त्रज्ञ एर्विन श्रोडिंगर यांनी सजीवत्वाच्या स्वरूपाविषयी जी व्याख्याने दिली आणि जी पुढल्याच वर्षी ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली, त्यांत त्यांनी एक प्रश्न मोठ्या आस्थेने उपस्थित केला होता. हॅब्सबर्ग राजघराण्यातील व्यक्तींचा तो विशिष्ट ठेवणीचा खालचा ओठ पिढ्यान्‌पिढ्यांच्या तसबिरींतून जसाच्या तसा दिसतो. याचा अर्थ असा, की तो ओठ घडविणारे जनुक मानवी देहाच्या उष्णतेत, भोवतालच्या असंख्य रेणूंचे धक्के अहोरात्र सोसत असताही, कित्येक शतके अविकृत राहिले. आणि अवघ्या काही अणूंनी बनलेल्या वस्तूला हे स्थैर्य यावे तरी कोठून? श्रोडिंगर यांचे उत्तर असे होते, की जनुक हा एक रेणू असला पाहिजे आणि त्याची बांधणी इतकी पक्की असली पाहिजे, की उष्णतेचे नित्याचे हेलकावे त्यास क्वचितच ढळवू शकतील. या ग्रंथाने तरुण शास्त्रज्ञांच्या एका संपूर्ण पिढीला जीवशास्त्राकडे ओढून घेतले, आणि प्रश्नाची मांडणी अचूक होती यात संशय नाही. परंतु उत्तराचा महत्त्वाचा भाग मात्र पुढे चुकीचा ठरला, आणि तो कसा चुकीचा ठरला हे समजून घेणे म्हणजेच आपल्या पेशींतील वंशतंतूची, म्हणजे डीएनएची, नासधूस कशाने होते हे समजून घेणे होय.

१९५३ साली रोझलिंड फ्रँकलिन व मॉरिस विल्किन्स यांच्या क्ष-किरण छायाचित्रांच्या आधारे जेम्स वॉटसन व फ्रान्सिस क्रिक यांनी डीएनएची दुहेरी सर्पिल रचना उलगडली, तेव्हा ही स्थैर्याची कल्पना अधिकच दृढ झाली. ॲडेनिन, थायमिन, ग्वानिन व सायटोसिन ही चार क्षारके, त्यांपैकी ॲडेनिनची जोडी थायमिनशी आणि ग्वानिनची सायटोसिनशी, असा हा साधा व रेखीव बंदोबस्त. माणसाच्या प्रत्येक पेशीत मातेकडून व पित्याकडून आलेले दोन्ही संच मिळून अशा सुमारे ६०० कोटी जोड्या असतात, आणि ताणून सरळ केल्यास सुमारे दोन मीटर भरेल एवढा हा तंतू मिलिमीटरच्या शंभराव्या अंशाहून मोठ्या नसलेल्या केंद्रकात गुंडाळून ठेवलेला असतो. एवढे मौल्यवान ऐवज निसर्गाने एखाद्या अभेद्य पदार्थाचेच घडविले असतील असे मानणे स्वाभाविक होते, आणि दीड दशकभर बहुतेकांनी ते तसे मानले.

या समजुतीविषयी शंका घेणारा पहिला संशोधक म्हणून टोमास लिंडाल यांचे नाव घ्यावे लागते. स्टॉकहोम येथे १९३८ साली जन्मलेले हे स्वीडिश शास्त्रज्ञ १९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत प्रिन्स्टन येथे आरएनए या डीएनएच्या भावंडरेणूवर प्रयोग करीत असताना, तो रेणू उष्णतेने अपेक्षेबाहेर झपाट्याने विघटित होतो हे त्यांच्या ध्यानी आले. आणि आरएनए इतका नाजूक असेल तर त्याच्याच जातकुळीचा डीएनए आयुष्यभर अभंग कसा राहतो, हा विचार त्यांच्या मनातून जाईना. स्वदेशी परतल्यावर, कॅरोलिन्स्का संस्थेत, त्यांनी डीएनए केवळ पाण्यात ठेवून त्याचे काय होते ते धीराने मोजण्यास आरंभ केला. प्रयोगाचा विषय बाहेरून अत्यंत नीरस, परंतु १९७२ पासून पुढे प्रसिद्ध झालेले निष्कर्ष मात्र थक्क करणारे होते. डीएनएच्या कण्यातील शर्करेशी ॲडेनिन व ग्वानिन यांना जोडणारा बंध पाण्याच्या सान्निध्यात आपोआप तुटतो. मानवी देहाच्या तापमानास एका पेशीत एका दिवसात अशी सुमारे १०,००० क्षारके गळून पडतात, आणि त्यांच्या जागी नुसता रिकामा खळगा राहतो. त्याच पाण्याच्या क्रियेने सायटोसिनमधील अमिनो गट निघून जाऊन त्याचे युरॅसिलमध्ये रूपांतर होते. हे प्रमाण त्या मानाने पुष्कळ कमी, तरीही पेशीमागे दिवसाला शंभराहून अधिक.

यात कोणतेही विष नाही, कोणताही किरण नाही, बाहेरून आलेला कोणताही शत्रू नाही. ज्या पाण्यावाचून पेशी क्षणभरही जगू शकत नाही, तेच पाणी आणि ज्या उष्णतेवाचून तिचे व्यवहार चालू शकत नाहीत, तीच उष्णता, ही तिच्या वंशतंतूच्या झिजेची प्रथम व अखंड कारणे आहेत. सर्वसाधारण वाचकाच्या मनात डीएनएची हानी म्हटली की अणुबाँब, क्ष-किरण अथवा एखादे कारखान्यातील रसायन उभे राहते. वस्तुतः जगातील सर्व किरणोत्सर्ग व सर्व कारखाने नाहीसे केले तरी ही झीज थांबणार नाही. म्हणून लिंडाल यांनी यथायोग्य अनुमान काढले, की एवढी पडझड रोजच्या रोज होत असूनही जीवजाती टिकून आहेत त्या अर्थी पेशीत दुरुस्तीची यंत्रणा असलीच पाहिजे. आणि १९७४ साली त्यांनी जिवाणूंमधून डीएनएतील युरॅसिल हुडकून ते छाटून टाकणारे विकर शोधूनही काढले. या शोधाने आणखी एका जुन्या कोड्याचा उलगडा झाला. आरएनएत युरॅसिल असते, डीएनएत मात्र त्याच्या जागी थायमिन. थायमिन हे एक मिथिल गट अधिक जोडलेले युरॅसिलच असून ते बनविण्यास पेशीला अधिक खर्च पडतो. हा खर्च तिने का सोसावा? कारण असे, की डीएनएत युरॅसिल हा कायदेशीर घटक असता तर सायटोसिनपासून विकृतीने बनलेले युरॅसिल कोणते आणि मुळातले कोणते हे ओळखणेच अशक्य झाले असते. थायमिनची योजना असल्यामुळे डीएनएत आढळणारे प्रत्येक युरॅसिल हे हमखास नुकसानीचे चिन्ह ठरते. ज्या रासायनिक दोषाशी सामना नित्याचा, त्याची ओळख पटावी म्हणून वर्णमालेतील एक अक्षरच बदलले गेले, हे पाहून सृष्टीच्या व्यवस्थेविषयी मनात जो आदर उत्पन्न होतो तो शब्दांत सांगणे कठीण आहे.

येथे एका भेदाकडे लक्ष वेधणे अगत्याचे आहे, कारण तो न समजल्यामुळे या विषयावरील पुष्कळशी चर्चा गोंधळाची होते. हानी वेगळी आणि उत्परिवर्तन वेगळे. एखाद्या जुन्या दप्तरखान्यातील सनदेचा काही भाग कसरीने खाल्ला, तर कागद हाती घेणाऱ्याला नुकसान तत्क्षणी दिसते, आणि तिची दुसरी प्रत उपलब्ध असेल तर गेलेला मजकूर भरूनही काढता येतो; परंतु नक्कलनविसाने त्या छिद्राच्या जागी आपल्या तर्काने भलतेच अक्षर लिहून नवी नक्कल तयार केली, आणि पुढे तीवरूनच नकला होत गेल्या, तर प्रत्येक नक्कल निर्वेध, स्वच्छ आणि चुकीची असेल, व चूक दाखवून देणारी एकही खूण तीत उरणार नाही. डीएनएची हानी ही पहिल्या प्रकारची: तुटलेला बंध, गळलेले क्षारक, चिकटलेले परके द्रव्य. ती रसायनदृष्ट्या विचित्र असते, म्हणून ओळखता येते, आणि समोरचा धागा शाबूत असल्यामुळे दुरुस्त करता येते. पेशीचे विभाजन होऊन त्या दोषावरून प्रतिकृती निघाली, की हानीचे उत्परिवर्तनात रूपांतर होते. त्यानंतर दोन्ही धाग्यांतील अक्षरे परस्परांशी बिनचूक जुळतात आणि दुरुस्तीची विकरे तेथून निःशंकपणे पुढे जातात. सारांश, प्रश्न किती हानी झाली एवढाच नसून प्रतिकृतीपूर्वी किती हानी दुरुस्त झाली हा आहे. एका जागी मात्र पेशीची ही सारी तजवीज अपुरी पडते. जनुकांच्या कार्याचे नियमन करण्यासाठी पेशी काही सायटोसिनांवर मिथिल गट चढविते. अशा सायटोसिनचा अमिनो गट गळाला तर युरॅसिल न बनता थेट थायमिन बनते, म्हणजे डीएनएतील एक रीतसर अक्षर. त्याची दुरुस्ती होते, परंतु पुष्कळदा निसटतेही. आणि मनुष्यजातीतील आनुवंशिक रोगांस कारण झालेल्या एकाक्षरी बदलांपैकी मोठा वाटा याच जागांवर सापडतो.

पाण्यापाठोपाठ प्राणवायूचा क्रम लागतो. अन्नाच्या ज्वलनातून शक्ती मिळविताना पेशीच्या तंतुकणिकांमध्ये प्राणवायूचे काही रेणू अर्धवट प्रक्रिया होऊन बाहेर पडतात. त्यांपासून हायड्रोजन पेरॉक्साइड बनते, आणि लोहाच्या सान्निध्यात, हेन्री फेंटन यांनी १८९४ साली वर्णिलेल्या विक्रियेने, त्यातून हायड्रॉक्सिल नावाचा अत्यंत विध्वंसक मूलक जन्मतो, जो समोर येईल त्या रेणूवर तुटून पडतो. चार क्षारकांपैकी ग्वानिन या आघाताला सर्वांत लवकर बळी पडते, आणि त्याचे जे ऑक्सिडीभूत रूप बनते ते सायटोसिनऐवजी ॲडेनिनशीही जोडी जमवू लागते. शिवाय पेशी ज्या द्रव्याच्या साहाय्याने निरनिराळ्या रेणूंवर मिथिल गट चढविण्याचे आपले आवश्यक काम करते, तेच द्रव्य कधी कधी कोणत्याही विकराच्या हुकुमाविना डीएनएवर भलत्याच ठिकाणी मिथिल गट चिकटवून जाते. प्रतिकृती काढणारी विकरेही सर्वस्वी निर्दोष नाहीत: प्रथम लिहिताना सुमारे लाखात एक चूक, लगेच केलेल्या तपासणीने ती शंभरपटीने घटते, आणि नंतर येणाऱ्या विजोड-दुरुस्तीच्या यंत्रणेने, जिचे कार्य पॉल मॉड्रिच यांनी एक एक प्रथिन वेगळे काढून परीक्षानळीत सिद्ध करून दाखविले, ती शंभर कोटींत एखादी इतकी खाली येते. ज्या कुटुंबांत या शेवटल्या यंत्रणेचे जनुक जन्मतःच सदोष असते, त्यांच्यात मोठ्या आतड्याचा कर्करोग पुष्कळदा सामान्याहून कमी वयात उद्भवतो.

बाहेरून येणाऱ्या कारणांमध्ये सूर्यप्रकाश हे सर्वांत प्राचीन. त्यातील जंबुपार, म्हणजे अतिनील, किरण डीएनएत शोषले जाऊन एकाच धाग्यातील शेजारची दोन थायमिने परस्परांना जखडून टाकतात, हे हॉलंडमधील डेल्फ्ट येथील बोइकर्स व बेरेंड्स यांनी १९६० साली दाखविले. जखडलेल्या जागी तंतूला बाक येतो आणि प्रतिकृती काढणारे विकर तेथे अडखळते. ही दुरुस्ती न झाल्यास काय ओढवते याचा पुरावा झीरोडर्मा पिग्मेंटोझम या दुर्मिळ रोगाने पीडित मुलांच्या रूपाने वैद्यांच्या डोळ्यांसमोर एकोणिसाव्या शतकापासून होता. या मुलांची कातडी उन्हात थोडा वेळ राहिल्यानेही डागाळते, कोरडी पडते, आणि संरक्षण न मिळाल्यास वयाच्या दहाव्या वर्षाच्या आतच बहुधा त्वचेचा पहिला कर्करोग प्रकट होतो. १९६८ साली कॅलिफोर्नियात जेम्स क्लीव्हर यांनी अशा रुग्णांच्या पेशी तपासून त्यांच्यात जंबुपार किरणांनी झालेली हानी छाटून काढण्याची शक्तीच नसते हे सिद्ध केले, आणि डीएनएची हानी व कर्करोग यांचा कार्यकारणसंबंध मनुष्याच्या ठायी प्रथमच इतक्या स्वच्छपणे दृष्टीस पडला. निरोगी माणसाच्या त्वचेतही तीच हानी प्रत्येक दुपारी होत असते. फरक एवढाच, की तिची दुरुस्ती होते. ही दुरुस्ती कशी होते याचा जिवाणूंमधील तपशील अझीझ संजार यांनी लावला, जे तुर्कस्थानातील सावुर नावाच्या लहानशा गावी जन्मले, काही काळ वैद्यकी केली, आणि मग संशोधनाकडे वळले. लिंडाल, मॉड्रिच आणि संजार या तिघांना मिळून २०१५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. त्याच वर्षी येल विद्यापीठातील संशोधकांनी असे दाखविले, की ऊन संपून अंधार पडल्यावरही रंगद्रव्य बनविणाऱ्या पेशींत ही जखडण कित्येक तास चालूच राहते, कारण मेलॅनिन हे त्वचेचे रंगद्रव्य किरण अडविते तसे, काही रासायनिक परिस्थितीत, साठविलेली शक्ती मागाहून डीएनएला पोहोचवितेही. रक्षकाच्या ठायी हा दुहेरी स्वभाव असावा ही गोष्ट मला या विषयातील अत्यंत विचार करायला लावणारी वाटते.

क्ष-किरण व किरणोत्सर्गी द्रव्ये यांची गोष्ट थोडी निराळी. १९२७ साली टेक्ससमध्ये हर्मन मुलर यांनी फळमाशांवर क्ष-किरण सोडून कृत्रिम रीतीने उत्परिवर्तने घडवून आणली, आणि त्यासाठी त्यांना १९४६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्या काळी जनुक कशाचे बनलेले असते हेही निश्चित ठाऊक नव्हते. आज आपण जाणतो, की हे किरण काही वेळा डीएनएवर थेट आघात करतात, परंतु पुष्कळदा पेशीतील पाण्याचा रेणू फोडून तोच हायड्रॉक्सिल मूलक उत्पन्न करतात, ज्याचा उल्लेख वर आलाच आहे. मग किरणांची एवढी भीती का, जर तेच काम प्राणवायू रोजच करीत असतो? कारण संख्येत नसून स्वरूपात आहे. एक ग्रे (ग्रे हे शोषलेल्या प्रारणाच्या मात्रेचे एकक) एवढ्या मात्रेने पेशीत एकेरी धागा सुमारे हजार ठिकाणी तुटतो आणि दुहेरी धागा सुमारे तीस ते चाळीस ठिकाणी. हजार हा आकडा पेशीच्या दैनंदिन हिशेबात किरकोळ होय, परंतु दोन्ही धागे एकाच जागी तुटले म्हणजे दुरुस्तीसाठी पाहायला समोर शाबूत प्रत राहत नाही, आणि मोकळी पडलेली टोके भलत्याच गुणसूत्राच्या टोकाशी सांधली जाण्याची धास्ती उत्पन्न होते. किरण आपली शक्ती एका चिमुकल्या जागेत एकदम ओतून जातो, म्हणून असे लगतचे आघात त्याच्याकडून घडतात. तथापि मात्रेचा विचार न करता किरणोत्सर्ग या शब्दानेच भयभीत होणे युक्त नाही. केरळात करुनागप्पळ्ळीच्या किनाऱ्यावर मोनाझाइटच्या वाळूत थोरियम असल्यामुळे तेथील लोक पिढ्यान्‌पिढ्या सामान्याहून अधिक नैसर्गिक प्रारणात राहत आले आहेत. त्यांपैकी सुमारे ७० हजार व्यक्तींचा वर्षानुवर्षे मागोवा घेऊन २००९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत कर्करोगाचे प्रमाण त्या कारणाने वाढलेले आढळले नाही. उलट दिशेचे उदाहरण डायनोकोकस रेडिओड्युरन्स या जिवाणूचे. अमेरिकेत ओरेगन येथे १९५६ साली, प्रारणाने निर्जंतुक केले असे समजल्या गेलेल्या मांसाच्या डब्यात तो जिवंत सापडला. मनुष्याला जेथे चार-पाच ग्रे प्राणघातक होतात, तेथे हा पाच हजार ग्रे सोसतो, त्याचा डीएनए शेकडो तुकड्यांत विखुरतो, आणि काही तासांत तो ते सर्व तुकडे योग्य क्रमाने पुन्हा सांधतो. त्याच्या या सामर्थ्याचा अभ्यास मुंबईत तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रातही दीर्घकाळ चालला आहे.

आता रसायनांकडे वळू, आणि येथे थोडे अधिक थांबावे लागेल, कारण आपल्या समाजाचा या प्रकरणाशी संबंध प्रत्यक्ष व दुःखद आहे. लंडनचे शल्यविशारद पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ साली असे नमूद केले, की लहानपणापासून धुराडी साफ करणाऱ्या मुलांना मोठेपणी अंडकोशाच्या त्वचेचा कर्करोग होतो आणि त्याचे कारण तेथे साचणारी काजळी होय. १९१५ साली जपानमध्ये यामागिवा व इचिकावा यांनी सशांच्या कानांवर महिनोन्‌महिने कोळशाचे डांबर चोपडून कर्करोग उत्पन्न करून दाखविला; पुढे लंडन येथे अर्नेस्ट केनवे व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३३ च्या सुमारास त्या डांबरातून बेंझोपायरीन हे मूळ कारणद्रव्य वेगळे काढले. हे द्रव्य स्वतः डीएनएला हात लावीत नाही. परके द्रव्य पाण्यात विरघळण्याजोगे करून देहाबाहेर टाकावे या हेतूने आपलीच विकरे त्यावर प्रक्रिया करतात, आणि त्या प्रक्रियेच्या मधल्या टप्प्यावर ते असे रूप धारण करते, की ग्वानिनला जाऊन कायमचे चिकटते. पी-५३ या नावाने ओळखले जाणारे जे जनुक हानी झालेल्या पेशीचे विभाजन रोखून धरते, त्या जनुकात हे द्रव्य नेमके कोठे चिकटते हे १९९६ साली अमेरिकेतील संशोधकांनी पाहिले. ज्या मोजक्या जागा त्यांना सापडल्या त्याच जागी धूम्रपान करणाऱ्यांच्या फुप्फुसातील कर्करोगात उत्परिवर्तने आढळतात. त्यानंतर, २०१६ साली, हजारो अर्बुदांतील डीएनएचे वाचन करून असा अंदाज मांडला गेला, की वर्षभर रोज एक पाकीट सिगारेटी ओढणाऱ्याच्या फुप्फुसाच्या प्रत्येक पेशीत सरासरी १५० उत्परिवर्तनांची भर पडते, स्वरयंत्राच्या पेशीत सुमारे ९७ आणि तोंडाच्या पेशीत सुमारे २३. ही भर कायमची; व्यसन सुटले म्हणजे नवी भर थांबते, जुनी पुसली जात नाही.

आपल्याकडे तंबाखू ओढण्याहून खाल्ली जाते अधिक. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात, ज्याची स्थापना १९४१ साली झाली, प्रयोगशाळांची धुरा वाहणारे डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी त्या दशकातच आपल्या लोकांच्या सवयी व त्यांना होणारे कर्करोग यांचा संबंध चिकाटीने तपासला, आणि मुखाच्या कर्करोगाची कारणे रुग्णाच्या नित्याच्या व्यवहारात शोधण्याचा मार्ग या देशात घालून दिला. तंबाखू वाळविताना व मुरविताना तीतील निकोटिनपासूनच नायट्रोसामाइन वर्गाची द्रव्ये बनतात. तोंडात गेल्यावर देहाची विकरे त्यांचे असे रूप करतात, की ती डीएनएवर मिथिल आणि त्याहून मोठे गट चढवू लागतात. सुपारी व चुना एकत्र आल्यावर चुन्याच्या क्षारतेमुळे सुपारीतील द्रव्यांचे ऑक्सिडीभवन होऊन प्राणवायूचे तेच विध्वंसक मूलक गालाच्या अस्तरालगत तासन्‌तास निर्माण होत राहतात. तंबाखू नसलेली सुपारीही कर्करोगकारक होय असा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या लियाँ येथील कर्करोग-संस्थेने २००४ साली जाहीर केला. आणि मशेरी! तंबाखू तव्यावर काळी होईतो भाजायची, वाटायची आणि दातांना, हिरड्यांना चोळायची. म्हणजे पानातील नायट्रोसामाइने आहेतच, वर भाजण्याने निघणारी, धुराड्यातल्या काजळीत सापडणारी बेंझोपायरीनच्या जातीची द्रव्येही आली. महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून असंख्य आयाबहिणी दात स्वच्छ राहावेत या सद्‌हेतूने ही भुकटी रोज हिरड्यांत जिरवितात, गरोदरपणातही तिला अंतर देत नाहीत, आणि त्यांना त्यापासून परावृत्त करण्याची कळकळ आपल्या शिकलेल्या वर्गात दिसत नाही, याची खंत वाटते. गुटख्यावर राज्यशासनाने २०१२ साली बंदी घातली. मशेरीला मात्र दुकानाची गरज नाही, ती चुलीवरच तयार होते, आणि म्हणून तिथवर हुकूम पोहोचत नाही, माणूसच पोहोचावा लागतो.

अन्नातून येणाऱ्या विषांत ॲफ्लाटॉक्सिनचा उल्लेख टाळता येत नाही. १९६० साली इंग्लंडात एक लाखाहून अधिक टर्की पक्षी एकाएकी मेले, आणि शोध घेता त्यांना खाऊ घातलेल्या, ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीत ॲस्परजिलस फ्लेव्हस या बुरशीने सोडलेले हे विष सापडले. यकृतातील विकरे, बेंझोपायरीनच्या बाबतीत घडते त्याच न्यायाने, त्याला क्रियाशील करतात, आणि ते ग्वानिनला चिकटते; चीन व दक्षिण आफ्रिकेतील ज्या भागांत असे धान्य नित्य खाण्यात येई, तेथील यकृताच्या कर्करोगांत पी-५३ जनुकाच्या २४९ व्या संकेतात एकच ठरावीक बदल वारंवार आढळतो, हे १९९१ साली प्रसिद्ध झाले. अर्बुदातील एका अक्षरावरून रुग्णाच्या कोठारातील बुरशीचा माग लागावा, ही शास्त्राची मोठीच कमाई होय. १९७४ साली गुजरातेतील पंचमहाल व राजस्थानातील बांसवाडा या लगतच्या जिल्ह्यांत, अवेळी पावसाने भिजून बुरसलेला मका खाण्यात येऊन शंभराहून अधिक माणसे यकृताच्या विकाराने दगावली. तो तीव्र विषबाधेचा प्रकार होता, डीएनएच्या संथ हानीचा नव्हे, पण कारणद्रव्य तेच. शेंगदाणे व मका पुरते वाळवून कोरड्या जागी साठविणे हा त्यावरील उपाय. मद्याविषयी एवढेच सांगणे पुरे, की मद्यार्कापासून देहात बनणारे ॲसिटाल्डिहाइड डीएनएचे दोन्ही धागे परस्परांशी जखडून टाकू शकते, आणि ते निकामी करणारे विकर ज्यांच्या ठायी जन्मतः दुर्बळ असते त्यांच्यात मद्यपानाने अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका फार वाढतो.

या सर्व कारणांपैकी कोणत्या कारणाचा वाटा किती, हे ठरविताना दुरुस्ती चालू असलेली पेशी पाहणे पुरेसे होत नाही, कारण तिच्यात झालेली बहुतेक हानी मोजण्यापूर्वीच नाहीशी झालेली असते. दुरुस्ती बंद पडल्यावर काय शिल्लक राहते हे पाहावयाचे तर मृत देहाकडे जावे लागते, आणि प्राचीन अस्थींतील डीएनएचा अभ्यास करणाऱ्या विद्वानांनी, ज्यांच्यात अग्रगण्य असलेल्या स्वांते पेबो यांना २०२२ साली नोबेल पारितोषिक मिळाले, ते काम करून ठेवले आहे. मृत्यूनंतर विकरे थांबतात, पाणी व उष्णता थांबत नाहीत. क्षारके गळतात, गळलेल्या जागी धागा तुटतो, आणि तुटलेल्या टोकांवर उघड्या पडलेल्या सायटोसिनांचे युरॅसिल होते, जे वाचन करणाऱ्या यंत्राला थायमिन म्हणून दिसते. हा सर्व प्रकार थंडीत अतिशय मंदावतो. म्हणूनच सैबेरियाच्या गोठलेल्या भूमीतील मॅमथ हत्तींच्या दाढांतून दहा लाखांहून अधिक वर्षांपूर्वीचा डीएनए २०२१ साली वाचता आला. आपल्यासारख्या उष्ण देशात काही सहस्रकांचा डीएनए मिळणेही दुर्घट. हरियाणातील राखीगढी येथे, पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. वसंत शिंदे यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या उत्खननात मिळालेल्या सांगाड्यांचे साठाहून अधिक नमुने तपासण्यात आले, तेव्हा त्यांपैकी केवळ एका स्त्रीच्या नमुन्यातून विश्वसनीय डीएनए हाती लागला, आणि तिचा वृत्तांत २०१९ साली प्रसिद्ध झाला. तो डीएनए तिचाच, उत्खनन करणाऱ्या अथवा प्रयोगशाळेत काम करणाऱ्या कोणाच्या हातून मिसळलेला नव्हे, हे ठरविण्याचे मुख्य गमक म्हणजे त्याची हानीच होती: तुकडे आखूड होते, आणि त्यांच्या टोकांवर सायटोसिनच्या जागी थायमिन दिसण्याचे प्रमाण जिवंत माणसाच्या डीएनएत जेवढे कधीच आढळत नाही, तेवढे अधिक होते.